घरासाठी असेंबल्ड कॉम्प्युटरच, पण एसएमपीएस (आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा) बघून
डेस्कटॉप कंपनीचा ब्रँडेड घ्यावा की सुटे भाग जोडून असेंबल्ड, या चर्चेत 'ब्रँडेड घेतला की वॉरंटीची चिंता मिटते' असा मुद्दा आलाय. ऑफिससाठी तो मला पूर्ण पटतो. एकच बिल, एकच फोन, माणूस जागेवर येऊन दुरुस्त करून जातो.

घरासाठी मात्र मी असेंबल्डच सुचवेन, आणि कारण फक्त किंमत नाही. बऱ्याच ब्रँडेड, विशेषतः छोट्या डेस्कटॉपमध्ये मदरबोर्ड (मुख्य सर्किट बोर्ड) आणि एसएमपीएस कंपनीच्या स्वतःच्या मापाचे असतात. पुढे ग्राफिक्स कार्ड टाकायचं म्हटलं की जागा नसते, वॉट पुरत नाहीत आणि बाजारातला साधा एटीएक्स (सगळ्या कंपन्यांसाठी सामायिक ठरवलेलं माप) एसएमपीएस आत बसतही नाही. १९९५ साली इंटेलने एटीएक्स आणल्यापासून सुटे भाग बदलणं इतकं सोपं झालंय, तो फायदा का सोडायचा?

मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारातून घ्या किंवा ऑनलाइन, पण कॅबिनेटसोबत फुकट मिळणारा एसएमपीएस कृपया वापरू नका. किमान '८० प्लस ब्राँझ' (वीज कमी वाया घालवण्याचं प्रमाणपत्र) असलेला घ्या. फुकटचा एसएमपीएस बिघडला तर मदरबोर्डही निकामी करू शकतो. प्रोसेसर सीलबंद खोक्यातलाच घ्या, सहसा ३ वर्षांची वॉरंटी मिळते. आणि प्रत्येक भागाचा सिरियल नंबर बिलावर लिहून घ्या, दुकानदार कंटाळा करत असला तरी.