केराटिनला मराठीत काय म्हणायचं? आणि खवला नक्की कशाकशाला?

नमस्कार मंडळी, गोव्यातल्या फोंड्याहून लिहितेय. शाळेत मुलांनी छोटं प्रदर्शन मांडलंय, कुळागरात (सुपारीच्या बागेत) सापडलेली सापाची कात, मोराचं पीस, गावठी कोंबड्याचा पंजा, तांबोशी माशाचे खवले, कुर्लीचा म्हणजे खेकड्याचा डेंगा (नांगी) असं काय काय आणलं पोरांनी आणि मी उत्साहात वर पाटी लावली, ‘खवले, नखं, पिसं : सगळं केराटिन’, म्हणजे केस-नखं ज्याचे बनतात ते प्रथिन. तर आठवीतली एक मुलगी म्हणते, टीचर केराटिन तर पार्लरमध्ये केसांना लावतात ना, ते कोंबड्याच्या पायात कुठून आलं? समजावलं मी, पण मराठीत सांगताना शब्दच पुरेनात. मला शृंगप्रथिन सुचलाय. चालेल का? आणि पाटी तरी बरोबर आहे का?

प्रतिसाद :
शृंगप्रथिन अर्थाने चोख आहे. केराटिन आलाय ग्रीक केरास वरून, केरास म्हणजे शिंग. आणि मजा बघा, आपलं शृंग आणि हे केरास एकाच जुन्या मुळातून आलेत, लॅटिन कॉर्नू आणि इंग्रजी हॉर्न पण त्याच घरातले, शिर सुद्धा. म्हणजे तुम्ही भाषांतर करत नाही आहात, एका भावंडाच्या जागी दुसरं बसवताय. फक्त आठवीची मुलं तो शब्द शृंगाराशी जोडतील ही भीती मला वाटते, म्हणून पाटीवर केराटिनच ठेवा आणि खाली लिहा ‘शिंगाचं द्रव्य’. शिंग सगळ्यांनी बघितलेलं असतं.

प्रतिसाद :
बाई, पाटी अर्धी चुकलीय, रागावू नका. तांबोशीचा खवला केराटिनचा नाही, तो हाडाच्या जातीचा, आतल्या कातडीत तयार होतो, म्हणून तर मासळी नीट करताना एकेक सुटा निघतो. सापाचा खवला तसा सुटा काढता येत नाही कारण ती वरच्याच कातडीची कडक झालेली घडी आहे, केराटिन तिथे आहे. कुर्लीचा डेंगा तर तिसराच प्रकार, तो कायटिनचा, आणि कायटिन हे प्रथिनच नाही, साखरेच्या कणांची लांब साखळी आहे. आपल्या भाषेने डोळ्याला सारखं दिसलं त्याला एक नाव दिलं, त्यात भाषेची चूक काहीच नाही, बाजारात ‘खवले काढून दे’ एवढंच सांगायचं असतं. पण पाटीवर तिघं एका ओळीत नकोत.

उलट कात हा शब्द मला फार नेमका वाटतो. साप अख्खं कातडं टाकत नाही, वरचा मेलेला थर तेवढा उतरवतो, डोळ्यावरच्या पारदर्शक झाकणासकट. आपण ‘कातडं टाकलं’ म्हणत नाही, ‘कात टाकली’ म्हणतो, ज्याने पहिल्यांदा हा फरक केला त्याने नीट बघितलं होतं.

प्रतिसाद :
वरचं सगळं पटलं, पण केराटिन हा एक शब्द सुद्धा दोन वेगळ्या गोष्टींवर पांघरलाय ते सांगायला हवं. आपले केस, नखं, गुरांची शिंगं, खूर हे अल्फा केराटिन, धागे एकमेकांना पीळ घालून बसलेले. सरपटणारे प्राणी आणि पक्षी यांच्यात अल्फा तर असतंच, पण खवले, नखं, चोच, पीस यांचा कडकपणा येतो तो ज्याला बीटा केराटिन म्हणतात त्याच्यातून, ते लहान रेणू, पट्ट्यांसारखे घडी घातलेले, त्यांचा धागा जेमतेम 3.4 नॅनोमीटर जाड. सापाच्या खवल्याच्या वरच्या अंगाला बीटा, खालच्या बाजूला आणि दोन खवल्यांमधल्या मऊ घडीत अल्फा, म्हणून तो कडकही आहे आणि वळतोही. पालीच्या बोटाखालचे भिंतीला चिकटणारे बारीक केस पण याच बीटाचे.

आता नाव कसं पडलं बघा. 1930 च्या दशकात इंग्लंडात लीड्सला विल्यम ॲस्टबरी हे शास्त्रज्ञ लोकरीच्या धाग्यांवर क्ष-किरण टाकत होते, धागा तसाच असताना एक नक्षी मिळाली तिला अल्फा म्हटलं, ओला करून ताणल्यावर वेगळी मिळाली ती बीटा. पिसाची नक्षी त्या ताणलेल्या लोकरीसारखी दिसली, म्हणून ते बीटा. म्हणजे तिथेही दिसण्यावरूनच नाव, आपल्या खवल्यासारखंच! पुढे जनुकं वाचली तेव्हा कळलं की अल्फा आणि बीटाचं कूळच वेगळं आहे, त्यामुळे आता बरेच अभ्यासक केराटिन शब्द गाळून कॉर्नियस बीटा प्रोटीन म्हणतात. कॉर्नियस म्हणजे परत शिंगाचंच. त्यामुळे मला वाटतं केस-शिंगाला केराटिन ठेवावं, आणि सरड्या-पाखरांच्या त्या वेगळ्या कुळाला तुमचं शृंगप्रथिन द्यावं. शब्द वाया जाणार नाही.

प्रतिसाद (धागाकर्ती) :
सगळ्यांचे मनापासून आभार. आज पाटी बदलली. मासा आणि कुर्ली दुसऱ्या टेबलावर हलवले. कात, पीस, पंजा यांच्या खाली लिहिलं ‘शृंगप्रथिन, म्हणजे शिंगासारखं कडक होणारं द्रव्य’, आणि बाजूला मुलांनी आपले कापलेले केस आणि नखं ठेवली, त्यावर केराटिन.

दुर्भाटकडचा एक मुलगा म्हणाला आमच्याकडे पौष अवसेला चिखलाचं मानगें (मगर) करतात, त्याच्या पाठीवर शिंपल्या टोचतात, मग ते खवले कशाचे? मी म्हटलं ते चुन्याचे, पण कुंभारजुव्याच्या कालव्यातल्या खऱ्या मगरीच्या पाठीवर वर केराटिन आणि खाली हाडाची ढाल असते, ती सापासारखी एकदम कात टाकत नाही, तुकड्या तुकड्याने वरचा थर झिजून पडतो. ज्याने शिंपल्या निवडल्या त्याला ही ढाल माहीत होती असं मला मनापासून वाटतं.

एक शब्द अजून हवाय. कोंबड्याच्या पायाला मागच्या बाजूला जो टोकदार काटा येतो, आत हाड आणि वर केराटिनची टोपी, त्याला पेडणे, डिचोली, काणकोणकडे काय म्हणतात? नख म्हणवत नाही कारण तो बोटाला नसतोच. पंजाच्या पाटीवर तेवढी एक जागा रिकामी ठेवलीय.