धोकादायक शाळा: पाडायची की सावरायची?

कोबाउतार
मुंबईत इमारतीला ३० वर्षं झाली की पालिका कायद्याच्या कलम ३५३-बीखाली स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी, आलंच. त्यात शाळा सी-१ या सर्वात धोकादायक वर्गात गेली तर पाडण्यावाचून इलाज नाही. पण सी-२ए, म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती, एवढाच शेरा असला तरी 'पाडा, नवीन बांधा' हा धोशा लागतो. याला माझा विरोध आहे. परवानग्या, निविदा आणि बांधकाम उरकेपर्यंत पहिलीतलं पोर प्राथमिक शाळा संपवून मोकळं होतं.

इमारतीतल्या पाणीगळतीचं मूळ बऱ्याचदा गच्चीवर असतं. गळलं की जुन्या ब्रिकबॅट कोब्यावर (विटांचे तुकडे आणि सिमेंटचा थर) नवा कोबा, ही आपली पद्धत. साडेचार इंची कोब्याचं वजन चौरस मीटरला २०० किलोच्या वर जातं आणि गच्चीचा लाइव्ह लोड, म्हणजे माणसं-सामान यांच्यासाठी सोडलेला भार, धरलेला असतो १५० किलो. म्हणजे दुसऱ्या थरानेच तो संपला. वर तुंबणारं पाणी वेगळं. आधी थर उतरवा, उतार काढा, पावसाळी पाइपांची तोंडं मोकळी करा, संडासांचे नहाणी ट्रॅप (जमिनीतल्या सांडपाण्याच्या जाळ्या) बदला. त्यानंतर पाडायचं बोलू.

सळईपंथी
कोबा उतरवून गंजलेली सळई बरी होत नाही. सळईचा गंज विद्युतदाबावरून जोखणाऱ्या हाफ-सेल चाचणीत बहुतेक बीम उणे ३५० मिलिव्होल्टच्या पलीकडे गेले असतील तर गंज चालू आहे असंच धरायचं. फिनॉल्फथॅलिन हे रंग बदलणारं रसायन मारल्यावर काँक्रीट सळईपर्यंत गुलाबी झालं नाही, तर सळईचं संरक्षण संपलं.

त्यात आपली खारी हवा. दुरुस्तीचा पॅच मारता तिथे नवं पॉलिमर मॉर्टर. त्याला लागून खाऱ्या हवेतलं क्लोराइड मुरलेलं जुनं काँक्रीट. गंज पॅचच्या कडेला सरकतो आणि काही पावसाळ्यांत तोच बीम हातभर पुढे फुटतो. शिवाय गंज नीट काढण्यासाठी सळईच्या मागे इंचभर पोकळी करायला ठेकेदार राजी नसतो, वरवर ब्रश फिरवून रंग लावतो. असल्या दुरुस्तीवर पैसा घालण्यापेक्षा पाडलेली बरी.

पटावरचीमुलं
दोघेही सिमेंटमध्ये अडकलात. रिकामी करणं दोन्हीकडे आलंच, मग मुलं कुठे बसणार? पहिली ते पाचवीची शाळा १ किलोमीटरच्या आत हवी, हा शिक्षण हक्काचा नियम. नकाशावर ते जमतं. मध्ये रूळ किंवा हायवे आला की सहा वर्षांच्या मुलाला ती शाळा नसल्यातच जमा, आणि आधी घरी बसते ती धाकट्याला सांभाळणारी मुलगी.

बांगलादेशात ब्रॅक या स्वयंसेवी संस्थेने १९८५ पासून वस्तीतच एक खोली, तीसेक मुलं, जवळचीच शिक्षिका अशा शाळा चालवल्या. काम संपेपर्यंत निदान पहिली-दुसरी समाजमंदिरात भरवा. मोठी मुलं जवळच्या शाळेत दुपारच्या सत्रात.

सळईपंथी
समाजमंदिरात? एक दार, खिडक्यांना जाळ्या, मागे गॅस सिलिंडर. तमिळनाडूत कुंभकोणमच्या शाळेला २००४ साली आग लागून ९४ मुलं गेली. स्वयंपाकघरातली आग वरच्या झावळ्यांच्या छपराला लागली होती. तळमजला, बाहेर उघडणारी दोन दारं आणि वेगळा संडास नसेल तर परवानगीच देऊ नये.

आणि दुपारच्या सत्रात कोंबायचं म्हणता, तर केनिया आठवा. २००३ मध्ये तिथे प्राथमिक शाळेची फी माफ झाली, दहा लाखांहून जास्त मुलं आली, पण खोल्या आणि शिक्षक त्या वेगाने वाढले नाहीत. वर्ग तुडुंब भरले.

पटावरचीमुलं
दोन दारं मान्य. पण केनियाच्या वर्गात मुलं आली तरी होती! गर्दीवर शिक्षक नेमता येतो, घरी बसलेल्या मुलीवर काय नेमणार?

कोबाउतार
मग ही अट निविदेतच घाला: पर्यायी जागा, ४० मुलांमागे एक शौचकूप आणि रस्ता ओलांडायला मदतनीस तयार झाल्याशिवाय ठेकेदाराला इमारतीचा ताबा नाही. सळईपंथींसाठी आणखी एक: हाफ-सेलचे आकडे बीमवार जाहीर करा. चार बीम गेले म्हणून अख्खी शाळा गेली, हे मला पटणार नाही.

सळईपंथी
चार असतील तर जॅकेटिंग करा, म्हणजे बीमभोवती नवं काँक्रीट आणि सळया चढवा, माझी हरकत नाही. कॉलम गेलेले असले तर मात्र तुमचा कोबा तुमच्यापाशी.