डबल ड्रॅगनला 50 पैकी 27 दिले, माझं काय चुकलं?

मिरजेचा_स्वान्सीत:
मंडळी, जरा मदत करा.

ऑफिसातल्या आम्ही सहा जणांनी दर महिन्याला एक एल (बिअरचाच एक प्रकार) चाखून गुण द्यायचे असं ठरवलंय. गुणपत्रिका स्पर्धेवाल्यांचीच, बीजेसीपी या बिअर-परीक्षकांच्या संस्थेची: वास 12, रूप 3, चव 20, तोंडात भरीव लागते की पाणचट त्याचे 5, एकूण मत 10. या खेपेला पाळी माझी, म्हणून इथलीच वेल्श आणली. लानेख्ली गावाजवळच्या वेलिनवोल ब्रुअरीची डबल ड्रॅगन, 4.2 टक्के अल्कोहोल. (लानेख्लीतला तो उच्चार मला दोन वर्षांनंतरही जमत नाही. ळ नव्हे, जीभ ल ला टेकवून नुसती हवा सोडायची.)

रंग बघून खूष झालो, कोऱ्या चहासारखा तांबडा. पण वास जवळजवळ नाहीच, चव पातळ, शेवटी नुसता कडवटपणा. वास 4, रूप 2, चव 12, भरीवपणा 3, एकूण 6. आमच्यातला एक जण लानेख्लीचाच. माझा कागद वाचला, घडी घातली, खिशात टाकला आणि दुपारभर माझ्याशी बोलला नाही.

बाटल्या रात्रभर फ्रिजमध्ये दुधाशेजारी होत्या, काढल्या आणि ओतल्या. आणि हिला ताडायचं कशाशी? बीजेसीपीच्या बिअर-प्रकारांच्या यादीत आयरिश रेड सापडते, वेल्श रेड नाहीच.

यीस्टवाला_लीड्स:
मालक, "काढल्या आणि ओतल्या" इथेच घात झाला. फ्रिज 4 अंशांवर असतो. पबच्या तळघरातली एल 11 ते 13 अंशांवर देतात. इतक्या गारठ्यात माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या धान्याचा) वास वर येतच नाही, गोडवा दबतो, आणि कडूपणा व गॅस तेवढे पुढे येतात. तुम्ही जे लिहिलंय ते बिअरचं नाही, फ्रिजचं वर्णन आहे. पुढच्या वेळी अर्धा-पाऊण तास बाहेर ठेवा.

वर्गाचं म्हणाल तर मी हिला त्या यादीतल्या 11बी, म्हणजे बेस्ट बिटरमध्ये बसवेन. तिथे 3.8 ते 4.6 टक्के चालतं. आयरिश रेड (15ए) वेगळी. तिच्यात चिमूटभर भाजलेलं बार्ली घालतात, त्यामुळे लाली येते आणि शेवट कोरडा होतो. या वेल्श-इंग्लिश एलचा तांबडेपणा बहुतेक वेळा क्रिस्टल माल्टचा. ते धान्य ओलं असतानाच तापवतात, त्यामुळे आतल्या पिठाची साखर होऊन दाण्यातच करपते. पत्रिकेत लोक "टॉफी" लिहितात. आपण काकवी म्हणावं.

बाकी 27 ही काही शिवी नाही. पत्रिकेवर 21 ते 29 म्हणजे "चांगली", 30 पासून "फार चांगली". तुमच्या मित्राला हे दाखवा. उपयोग होणार नाही, पण दाखवा.

कार्डिफची_मावशी:
अरे बाबा, लानेख्लीच्या माणसाला 27 दाखवतात का! 31 ऑक्टोबर 1972 ला त्यांच्या रग्बी संघाने न्यूझीलंडला 9-3 हरवलं आणि गावातले पब कोरडे पडले, ही गोष्ट तिथे अजून कालच घडल्यासारखी सांगतात. चेष्टा करायची तर ती त्यांनीच. वेलिनवोलला (Felinfoel) "फीलिंग फाऊल", म्हणजे मळमळतंय, असं म्हणणारेही तेच.

मी इथे अठरा वर्षं आहे. माझं म्हणणं, बाटलीवर निकाल देऊच नकोस. पबमधल्या हातपंपाने पिंपातून काढलेली पी. पिंपात आंबणं चालूच असतं, गॅस कमी, त्यामुळे जिभेला टोचत नाही. आणि एकटीला गुण देण्यापेक्षा शेजारी रेव्हरंड जेम्स नावाची एल ठेव (4.5 टक्के). तीही मूळची लानेख्लीच्या बकली ब्रुअरीची, 1997 मध्ये कार्डिफच्या ब्रेन्स ब्रुअरीकडे आली. नावातले जेम्स बकली मेथडिस्ट धर्मोपदेशक होते, आणि सासऱ्याची ब्रुअरी त्यांच्या पदरात पडली! जावई असावा तर असा.

डबा_बाटली:
कॅनमधली मिळाली तर तीच घ्या, मान तिचा आहे. डिसेंबर 1935 मध्ये कॅनमधून बिअर काढणारी ब्रिटनमधली पहिली ब्रुअरी हीच. लानेख्ली म्हणजे टिनच्या पत्र्याचं गाव, आणि ब्रुअरीवाल्या जॉन घराण्याचा पत्र्याचाही धंदा. ते पहिले डबे वर निमुळते, बाटलीसारखं बूच लावलेले. हुबेहूब ब्रासोचा डबा. आमच्या घरी समया घासायला असायचा ना, तोच डोळ्यासमोर आणा.

मिरजेचा_स्वान्सीत:
काल पुन्हा बसलो. दही लावायचा थर्मामीटर घेऊन 12 अंशांवर ओतली. मावशी, रेव्हरंडही शेजारी ठेवली होती. ती जास्त गोड आणि मसालेदार वाटली, दुसऱ्या ग्लासाला जड होईल अशी.

डबल ड्रॅगन मात्र वेगळीच निघाली. आधी खरपूस भाकरीच्या पापुद्र्याचा वास, मग काकवी, मागून थोडा मनुका. कडूपणा आहे, पण आता गोडाच्या मागे चालतो, पुढे नाही. वासाला अजूनही 7 च दिले, कारण नाक ग्लासात खुपसल्याशिवाय काही कळत नाही. चव 15, भरीवपणा 3, एकूण 7, रूप पुन्हा 2. झाले 34.

लानेख्लीकराने कागद घेतला, 34 वर नजरही टाकली नाही, आणि विचारलं, "रूपाला 3 पैकी 2 का?" म्हटलं, फेस लगेच बसला. ग्लासाला भांड्याचा साबण राहिलाय बहुतेक.

ग्लास त्याच्याच घरून आणलेले होते.