मॅनिटोबाचा फोन विकला ते चुकलंच!

प्रेअरीकर: कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांतात, विनिपेगला राहायला येऊन अकरा वर्षं झाली. परवा तळघर आवरताना आधीच्या घरमालकाचं एमटीएसचं, म्हणजे मॅनिटोबाच्या फोन कंपनीचं, जुनं बिल सापडलं, म्हणून हा धागा. १९०८ साली मॅनिटोबा सरकारनं प्रांतातला टेलिफोन बेल कंपनीकडून विकत घेतला. १९९५च्या निवडणुकीत तेव्हाचे प्रांताचे मुख्यमंत्री (प्रीमियर) फिल्मन यांचा पक्ष ‘विकणार नाही’ म्हणाला, आणि १९९६ साली विकायला काढला. १३ डॉलरला एक शेअर. २०१७ साली ३९० कोटी डॉलर मोजून कंपनी घेतली कोणी? बेलनंच! माझं मत सरळ आहे: विकायला नको होता.

हिशेबनीस: असहमत. सरकारी फोनचं एवढं कौतुक नको. घेतल्यावर चारच वर्षांत, १९१२ साली, दरवाढीवरून बोंब झाली आणि चौकशी आयोग बसला. पुढे ट्रंक कॉलच्या नफ्यावर गावाकडची स्वस्त लाइन पोसली जायची. १९९२ साली त्या कॉलमध्ये स्पर्धा आली आणि तो नफा आटला. डोक्यावर कर्ज, दारात मोबाइल. सरकारनं पैसा आणायचा कुठून? आणि १३चा शेअर बेलनं ४०ला घेतला, हे सांगायचं राहिलं वाटतं.

रेजायनाची सून: अहो हिशेबनीस, शेजारच्या सस्कॅचेवानवर हेच संकट आलं होतं की! आमचा फोन, सास्कटेल, आजही सरकारी आहे आणि चालतोय. शेअर ज्याच्या खिशात पैसे होते त्यानं घेतला. फोन मात्र सगळ्यांचा होता.

हिशेबनीस: चालतोय, मान्य. उद्याही चालेल याची हमी तुम्ही देताय का?

रेजायनाची सून: हमी खासगीवाल्यांनी तरी कुठे दिली? वीस वर्षांत कंपनीच गेली.

निवृत्त_नाना: पेन्शनचं कोणीच बोलत नाही. खासगी होताना कर्मचाऱ्यांच्या जुन्या फंडात ४ कोटी ३० लाख डॉलरच्या वर शिल्लक होती. ती नव्या योजनेत गेली आणि कंपनीनं स्वतःचा हप्ता वाचवायला वापरली. निवृत्त मंडळी कोर्टात गेली. २०१४ साली सुप्रीम कोर्टात जिंकली. सतरा वर्षं! किती जण निकाल ऐकायला उरले नसतील. मी स्वतः पेन्शनर, म्हणून हे आधी डोळ्यांत भरलं.

हिशेबनीस: नाना, हे मात्र वाईटच झालं. पण तो व्यवहार करणाऱ्यांचा दोष, खासगीकरणाचा नव्हे.

निवृत्त_नाना: व्यवहार कोणत्या कायद्यान्वये झाला हो?

प्रेअरीकर: आणखी एक. ९११च्या आधी, १९५९ साली, उत्तर अमेरिकेतला पहिला आणीबाणीचा नंबर ९९९ याच शहरात सुरू झाला, सरकारी फोनच्याच काळात. गावाकडच्या सामायिक लाइन काढून घरटी स्वतंत्र लाइन द्यायचा मोठा खर्चही विक्रीआधीच झाला होता. आमच्या शेजारच्या आजी शेतावर वाढलेल्या. त्यांच्या घराची खूण दोन लांब, एक आखूड घंटा. दुसऱ्याची घंटा वाजली की त्यांची आई हळूच रिसीव्हर उचलायची आणि श्वास ऐकू जाऊ नये म्हणून तोंडावर पदर... म्हणजे एप्रन धरायची.

हिशेबनीस: हाहा, हे आवडलं. मत बदललेलं नाही.