बायकोला हर्पिस निघालंय, आई म्हणते नागीण, नक्की काय समजायचं?

द्राक्षबाग_तासगाव:
लग्नाला दीड वर्ष झालं. गेल्या आठवड्यात मिसेसला खाली नाजूक जागी पाण्याच्या बारीक पुळ्या आल्या, ताप, जांघेत गाठी, लघवीला गेली की आग होऊन रडायचीच. आईला एवढंच बोललो की पुळ्या आल्यात तर म्हणाली नागीण असणार, गेरू लावणारा बघू. शेवटी मिरजेत स्किनच्या डॉक्टरांकडं नेलं, त्यांनी बघूनच जेनायटल हर्पिस सांगितलं, असायक्लोव्हिर ही विषाणूवरची गोळी लिहून दिली आणि पुढचा पेशंट आत. आता ही माझ्याशी बोलत नाही, म्हणते तुम्ही कुठं गेला होता ते सांगा. आईशप्पथ कुठं गेलो नाही. मला तिथं कधी काही झालेलं पण नाही, थंडीत ओठावर तापाची पुळी उठते तेवढीच.

कृष्णाकाठ_सांगली:
आमच्या गावात एकजण नागीण उतरवतो, गोळ्या कशाला. तोंड शेपटीला मिळायच्या आत न्या.

सिस्टर_मिरज:
वरचं सोडा. नागीण कांजिण्यांच्या विषाणूची, अंगाच्या एकाच बाजूला पट्टा उठतो. हा विषाणूच वेगळा, हर्पिस सिम्प्लेक्स, त्याचे टाइप १ आणि टाइप २ असे दोन प्रकार, नावात दोन्हीकडं हर्पिस म्हणून सगळा घोळ. आणि तोंड शेपटीला मिळून कुणी मरत नाही, उघड्या जखमेवर गेरू लावला तर पिकेल मात्र.

भाऊ, मेन गोष्ट तुम्ही शेवटी जाता जाता लिहिलीय, ओठावरची पुळी. ती बहुतेक टाइप १ ची असते, आणि तोंडानं संबंध आले असतील तर तिथनंच खाली लागते, कधीकधी पुळी दिसत नसताना सुद्धा. टाइप २ निघाला तरी तो कमरेखाली नसांच्या मुळाशी वर्षानुवर्षं गप्प पडून राहतो, कित्येकांना आपल्याला आहे हेच माहीत नसतं. म्हणजे तुमच्याकडनं आला असेल, लग्नाआधीचा तिचाच असेल, यावरनं आत्ता कोण कुठं गेलं ते ठरत नाही. पुळी ताजी असेल तर कापसाच्या काडीनं त्यातला स्वॅब घेऊन पीसीआर ही विषाणू ओळखायची टेस्ट करा, टाइप कळेल. रक्ताच्या आयजीएम नावाच्या अँटीबॉडी टेस्टवर पैसे घालवू नका, त्यातनं काही धड कळत नाही.

कराडचा_मी:
मला ६ वर्षं झाली, टाइप २. विषाणू अंगातनं जात नाही हे खरं, पण पहिल्यांदा जो त्रास होतो तसा परत होत नाही. पहिल्या वर्षी ४-५ वेळा आलं, आता वर्षातनं एखाद्या वेळी. माझ्या मांडीला आधी मुंग्या येतात, तिथपासून खपल्या पडून कातडी नीट होईपर्यंत संबंध बंद. एरवी कंडोम, तरी कंडोम झाकत नाही तिथनं लागू शकतंच, म्हणून डॉक्टरांनी रोज व्हॅलासायक्लोव्हिर ५०० मिलिग्रॅम, ही पण विषाणूवरचीच गोळी, सुरू केली, त्यानं जोडीदाराला लागायचा धोका जवळपास निम्म्यावर येतो. टॉवेल, संडास यातनं लागत नाही, उगाच तिची भांडी-कपडे वेगळे करू नका.

द्राक्षबाग_तासगाव:
म्हणजे माझंच तिला गेलं असेल तर मला परत लागणार का? आणि मूल?

सिस्टर_मिरज:
एकाच टाइपचं असेल तर सहसा नाही. टाइप १ खाली झाला तर परत परत उठायचं प्रमाण पण कमी. मूल होतं, फक्त दिवस गेले की डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा. ३६ व्या आठवड्यापासून गोळ्या देतात, कळा सुरू होताना पुळ्या असल्या तर सिझर करतात. बाळाला खरा धोका शेवटच्या ३ महिन्यांत आईला नव्यानं लागण झाली तर असतो. दोघांची एचआयव्ही आणि सिफिलिसची टेस्ट एकदा करून घ्या, सरकारी दवाखान्यातल्या सुरक्षा क्लिनिकला, म्हणजे गुप्तरोगाच्या ओपीडीला, फुकट होते, लाज वाटत असेल तर आधी १०९७ या एड्स हेल्पलाइनला फोन करून विचारा. आणि आत्ता तिला लघवी करताना वरनं कोमट पाणी ओतायला सांगा, आग कमी होते.

द्राक्षबाग_तासगाव:
तिला हे सगळं वाचायला दिलं. पूर्ण वाचलं, मग म्हणाली ओठावर पुळी आली की माझ्या जवळ यायचं नाही. बोलली एकदाची. आता आईला काय सांगू, ती गेरूवाल्याचा नंबर शोधतीय.

सिस्टर_मिरज:
उन्हाळी लागलीय म्हणा. सब्जा पाजत बसतील.