‘पीपल्स’ला मराठीत काय म्हणायचं? (आणि स्वयंनिर्णय की आत्मनिर्णय?)

वेंगुर्लेकरीण:
सावंतवाडीच्या आमच्या अभ्यासवर्गासाठी संयुक्त राष्ट्रांच्या १९६६ च्या दोन्ही मानवी हक्क करारांचं पहिलं कलम मराठीत करतेय. पहिल्याच वाक्याला अडले. ‘सर्व लोकांना स्वयंनिर्णयाचा हक्क आहे’ असं लिहिलं, तर वाचणाऱ्याला वाटतं की प्रत्येक माणसाला आपापल्या आयुष्याचं ठरवायची मोकळीक आहे. पण हा हक्क एकेकट्याचा नाही, समूहाचा आहे. इंग्रजीत ‘पीपल’चं ‘पीपल्स’ होतं. आपला ‘लोक’ मुळातच अनेकवचनी, त्याचं आणखी काय करणार? शिवाय वर्गातली मुलं सर्रास ‘आत्मनिर्णय’ म्हणतात.

आडबंदर:
आत्मनिर्णय हिंदीतून आलाय. मराठीत स्वयंनिर्णयच रूढ आहे, तोच ठेवा. ‘पीपल्स’साठी लोकसमूह. जनसमूह नको, त्याने सभेतली गर्दी डोळ्यांपुढे येते.

काजूबी:
हिंदीतून आला म्हणून हाकलायचा का? आपण रोज वापरतो ते निम्मे शब्द कुठून कुठून आलेत. आणि ‘स्वयं’ फक्त निर्णय कोण घेतं ते सांगतो, कशाबद्दल ते सांगत नाही. स्वतःबद्दलचा निर्णय म्हणून आत्मनिर्णय मला जास्त नेमका वाटतो. ‘पीपल्स’ला सरळ ‘राष्ट्रे’ म्हणा ना! लेनिनने राष्ट्रांचाच हक्क म्हटलं होतं.

वेंगुर्लेकरीण:
राष्ट्रे म्हटलं की ज्यांना अजून स्वतःचं राज्य नाही त्यांच्यावर दार बंद. भारताने १९७९ मध्ये हे करार स्वीकारताना याच कलमाला निवेदन जोडलं: हा हक्क परकीय वर्चस्वाखालच्या लोकांपुरता, सार्वभौम देशांना किंवा एखाद्या राष्ट्रातल्या गटाला तो लागू नाही. काही देशांनी त्यावर हरकतही घेतली. म्हणजे सगळा वाद ‘पीपल्स’ कोण यावरच आहे. मी जो शब्द लिहीन तो कुणाची तरी बाजू घेणार, म्हणून तर अडलेय.

पेडणेकर:
ताई, यासाठी लांब कशाला जायचं? पोर्तुगाल गोव्याला वसाहत म्हणायलाच तयार नव्हता, म्हणे आमचा सागरापलीकडचा प्रांत. १९६० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ते फेटाळून गोव्याचं नाव स्वयंशासन नसलेल्या प्रदेशांत घातलं. पुढे १९६१ ची मुक्ती, आणि १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल. महाराष्ट्रात विलीन व्हायचं त्याने फुलावर, केंद्रशासित राहायचं त्याने दोन पानांवर शिक्का मारायचा. आमच्या घरात एकाच चुलीवर जेवणारे दोन भाऊ दोन बाजूंना होते. याला स्वयंनिर्णय म्हणायचं की नाही?

आडबंदर:
नाही म्हणायचं. आमसभेच्या १५४१ क्रमांकाच्या ठरावात तीन वाटा आहेत: स्वतंत्र राज्य, दुसऱ्या राज्याशी मुक्त सहयोग, किंवा विलीनीकरण. १९६७ ला गोवा भारतातच होता, आणि प्रश्न फक्त देशाच्या आतल्या मांडणीचा होता.

पेडणेकर:
कायद्याच्या पुस्तकात नसेल. पण १,७२,१९१ विरुद्ध १,३८,१७० मतांनी लोकांनी केंद्रशासित राहायचं आपलं आपण ठरवलं. विलीनीकरणाच्या बाजूने आमचं बरंचसं घराणं राबलं होतं, तरी निकाल मानला. त्याला दुसरं काय नाव देणार?

काजूबी:
मग ‘सार्वमत’ म्हणा, ‘जनमत कौल’ कशाला? कौल अरबी.

आडबंदर:
आता तुम्हाला परका शब्द खुपला का? सार्वमतात सगळ्यांचं एकमत झाल्यासारखं वाटतं, आणि इथे तर फरक ३४,०२१ चाच होता. कौल म्हणजे शब्द, वचन. शिवकाळात ओसाड गाव पुन्हा वसवायला राजा रयतेला कौल द्यायचा, त्याचा कौलनामा व्हायचा. आता रयत राज्यकर्त्यांना कौल देते. तोच शब्द उलट्या दिशेने फिरला, हे मला फार मोलाचं वाटतं.

राजापूरवाला:
आमच्याकडे कौल म्हटला की देवाचाच. गुरव पाषाणाला ओल्या कळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो, सगळे ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. उजवी पडली तर होकार. पण यात एक गोष्ट लक्षात घ्या. प्रश्न काय विचारायचा हे मानकरी आधी ठरवतात. देव फक्त हो किंवा नाही सांगतो, तिसरी वाट सुचवत नाही. १९६७ ला गोंयकारांपुढेही दोनच चिन्हं होती, आणि ती दिल्लीच्या संसदेने केलेल्या कायद्याने ठरली. म्हणून ‘कौल’ हाच शब्द चपखल. ‘निर्णय’ म्हणायचं तर प्रश्नही आपला हवा.

पेडणेकर:
हे मात्र पटत नाही. वेगळं घटक राज्य हा पर्याय त्या दिवशी कागदावर नव्हता, तरी १९८७ ला गोवा राज्य झालंच.

काजूबी:
छपराचं कौल आणि देवाचा कौल एकच का?

राजापूरवाला:
नाही हो. देवाचा तो कौल, छपराचं ते कौल. लिंगच वेगळं.

वेंगुर्लेकरीण:
माझं ‘पीपल्स’ राहिलंच. वर्ग रविवारी आहे. लोकसमूह लिहू का?

आडबंदर:
लिहा.

काजूबी:
लोकसमूहात नुसता जमाव दिसतो, एक असल्याची जाणीव दिसत नाही. ‘जनता’चं अनेकवचन चालेल का ते बघा. आणि राजापूरवाले, डावी पडली तर तोच प्रश्न पुन्हा विचारता येतो का तुमच्याकडे?