२१५ च्या जागी २३५ टायर बसेल का?

प्रश्न : एसयूव्हीला २१५/६० आर१७ आहेत, रिमची रुंदी साडेसहा इंच. २३५/६० टाकू का? नाशिक-त्र्यंबक रोज, कसारा घाट अधूनमधून.

उत्तर १ : २३५/६० नको. २१५ ही रुंदी मिलिमीटरमध्ये, साइडवॉलची (टायरच्या बाजूची) उंची तिच्या ६० टक्के, १७ इंच रिमचा व्यास. आत्ता पूर्ण टायरचा व्यास ६९० मिमी, तो ७१४ होईल. स्पीडोमीटर साडेतीन टक्के कमी दाखवेल. २३५/५५ घ्या, व्यास ६९०च राहतो. साडेसहाच्या रिमवर बसतो, पण मर्यादेच्या काठावरच.

उत्तर २ : स्टेअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून टायर चाकाच्या कमानीतल्या लायनरला (प्लास्टिकच्या आवरणाला) घासतंय का बघा. लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा) मूळ टायरपेक्षा कमी नको. ९६ म्हणजे टायरमागे ७१० किलो.

उत्तर ३ : साचलेल्या पाण्यावर रुंद टायर लवकर तरंगतो, मायलेजही घटतं. खड्डेच असतील तर मूळ माप बरं.